शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा सनिवेदन स्लाइड शो: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या माध्यमिक शाळेला ५० वर्षं पूर्ण झाली. माजी विद्यार्थी मंडळानं महोत्सवात शाळेचा प्रवास फोटो आणि निवेदनातून दाखवायचं ठरवलं. १५ मिनिटांच्या आतबाहेरचा स्लाइड शो, संध्याकाळी शाळेच्या मैदानावरच्या मंडपात. निवेदन मराठी शिकवून निवृत्त झालेल्या सरांचं. मुदत सहा आठवडे.

काम तिघांकडे आलं: शाळेतले संगणक शिक्षक, पुण्यात नोकरी करणारी एक माजी विद्यार्थिनी आणि संगीत शिक्षक. साधनं साधीच होती. पॉवरपॉइंट असलेला शाळेचा लॅपटॉप, एक सपाट स्कॅनर, चांगला माइक असलेला मोबाइल, आणि ऑडॅसिटी (आवाजाच्या संपादनासाठी), शॉटकट (व्हिडिओच्या संपादनासाठी), एफएफएमपेग (लिहिलेल्या आदेशांवरून व्हिडिओ बनवणारा) हे तीन मोफत प्रोग्रॅम.

फोटो दोन वाटांनी आले. कपाटातल्या अल्बममधले ४ बाय ६ इंचांचे फोटो ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपक्यांनी, स्कॅन केले. त्यातून ३६०० बाय २४०० पिक्सेलचं चित्र मिळतं, म्हणजे समूहचित्रातला एखादा चेहरा कापून मोठा केला तरी तो फुटत नाही. माजी विद्यार्थ्यांचे फोटो मात्र वॉट्सॲपवरून आले आणि तिथे ते आकसले. ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, असा निरोप पहिल्या आठवड्यात गेला असता तर निम्मे फोटो पुन्हा मागवावे लागले नसते.

अडचण

पहिला मसुदा सरळ होता. १६० फोटो, प्रत्येकाला ६ सेकंद, एकातून दुसऱ्यात विरघळत जाणारं १ सेकंदाचं संक्रमण. १६० गुणिले ६ म्हणजे ९६० सेकंद, बरोबर १६ मिनिटं. सरांनी तेवढं निवेदन लिहिलं, ते सलग ध्वनिमुद्रित झालं आणि शॉटकटच्या टाइमलाइनवर फोटोंच्या खाली ठेवलं गेलं. चित्र संपलं तेव्हा आवाज अजून २ मिनिटं ३९ सेकंद शिल्लक होता.

कारण गणिताचं आहे आणि ते जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ संपादकात सारखंच लागू पडतं. विरघळणाऱ्या संक्रमणात दोन फोटो एकमेकांवर चढतात. १ सेकंदाचं संक्रमण घेतलं की पुढचा फोटो १ सेकंद लवकर सुरू होतो. १६० फोटोंत १५९ संक्रमणं, म्हणून एकूण लांबी ९६० ऐवजी ८०१ सेकंद. ही चूक टोकाला एकदम दिसत नाही, ती हळूहळू साचत जाते. दहाव्या फोटोपर्यंत कुणाला काही जाणवलं नाही. चाळिसाव्या फोटोचं निवेदन २३४ व्या सेकंदाला सुरू होत होतं, तेव्हा पडद्यावर सत्तेचाळिसावा फोटो होता. संस्थापकांबद्दल सर बोलत आहेत आणि समोर कबड्डीचा संघ.

पहिला सुचलेला उपाय म्हणजे प्रत्येक फोटो ७ सेकंदांचा करणं. मग पुढचा फोटो पुन्हा ६ सेकंदांनी सुरू होतो आणि एकूण लांबी ९६१ सेकंद भरते. हे करूनही पाहिलं. बेरीज जुळली, पण अर्थ जुळला नाही, कारण माणूस ६-६ सेकंदांच्या मापानं बोलत नाही. शाळेची पहिली खोली गावकऱ्यांनी श्रमदानातून कशी बांधली हे सांगायला सरांना एकाच फोटोवर २५ सेकंद लागत होते. स्नेहसंमेलनांचे फोटो मात्र दोन-अडीच सेकंदांत एकापाठोपाठ एक यायला हवे होते. खरी अडचण तिथे उघड झाली. वेळ फोटोंकडून ठरवला जात होता, तो आवाजाकडून ठरायला हवा होता.

विचारात घेतलेले पर्याय

*पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडगणिक निवेदन.* प्रत्येक स्लाइडवर आवाज मुद्रित करायचा आणि शेवटी व्हिडिओ काढायचा. फायदा असा की स्लाइड आणि आवाज एकमेकांना बांधलेले राहतात, एका स्लाइडचं निवेदन बदललं तर बाकीच्यांना धक्का लागत नाही. पण संक्रमण चालू असताना पॉवरपॉइंट आवाज मुद्रित करत नाही. बोलणारा न थांबता पुढच्या स्लाइडवर गेला की शब्दाची सुरुवात किंवा शेपूट तुटतं. प्रत्येक स्लाइडच्या आधी आणि नंतर श्वासभर थांबायचं, हे सत्तरी ओलांडलेल्या सरांकडून १६० वेळा करून घेणं बरोबर नव्हतं. शिवाय अशा तुकड्यांतून वाक्याची लय मरते.

*शॉटकटमध्ये हातानं ओढून जुळवणं.* शक्य आहे, आणि ३०-४० फोटोंसाठी हाच उत्तम मार्ग आहे. शॉटकटमध्ये प्लेलिस्टमधले फोटो निवडून एकदम स्लाइड शो बनवायची सोयही आहे. कालावधी, संक्रमण, झूम, उभ्या फोटोंच्या बाजूच्या रिकाम्या पट्ट्या धूसर पार्श्वभूमीनं भरणं, सगळं तिथे मिळतं. पण तो प्रत्येक फोटोला एकच कालावधी देतो. मधला एखादा फोटो काढला की पुढचे सगळे सरकतात, आणि अशा कामात फोटो शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहतात.

*गावातल्या लग्नाच्या व्हिडिओ स्टुडिओला देणं.* काम झटपट झालं असतं. पण नावांच्या दुरुस्त्या येतच राहणार होत्या आणि प्रत्येक दुरुस्तीला स्टुडिओत खेप पडली असती.

*आवाजावर खुणा करून त्यातून फोटोंचे कालावधी काढणं.* हा मार्ग माजी विद्यार्थिनीनं सुचवला आणि तोच निवडला गेला. सुरुवातीला एक दिवस जास्त लागतो, पण नंतरची प्रत्येक दुरुस्ती काही मिनिटांवर येते.

काय केलं

*निवेदन पुन्हा मुद्रित केलं.* आधीचं मुद्रण वर्गात झालं होतं. वर पत्रा, समोर मोकळी भिंत, त्यामुळे आवाज घुमत होता. यावेळी ग्रंथालयाची खोली घेतली. तिथे पुस्तकांची कपाटं आवाज तोडतात, आणि जमिनीवर सतरंज्या, खिडकीला चादर लावली. पंखा बंद. मोबाइल तोंडापासून एक वीतभर, पण नाकासमोर नाही, थोडा बाजूला. समोर धरला की प, फ, ब, भ यांच्या हवेचे धक्के माइकवर आदळतात आणि नंतर ते नीट काढता येत नाहीत.

प्रत्येक मुद्रणाच्या आधी १० सेकंद कुणीही न बोलता शांतता मुद्रित केली. ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन दोन टप्प्यांत चालतं: आधी त्या शांततेतून खोलीच्या आवाजाचा नमुना घ्यायचा, मग तो पूर्ण निवेदनावर लावायचा. घट १२ डेसिबलपुढे नेली नाही. त्यापुढे सरांचा आवाज डब्यातून आल्यासारखा होऊ लागला. थोडी खरखर राहिली, ती चालते.

सलग १६ मिनिटांऐवजी नऊ प्रकरणं केली: स्थापना, पहिली इमारत, शिक्षक, खेळ, स्नेहसंमेलन अशी. प्रकरणागणिक वेगळी फाइल. या निर्णयाचं मोल नंतर कळलं. एका प्रकरणात काही सरकलं तरी ते त्या प्रकरणाच्या शेवटी थांबतं, पुढच्याला लागत नाही.

*खुणा केल्या.* ऑडॅसिटीत आवाज ऐकता ऐकता जिथे फोटो बदलायला हवा तिथे कंट्रोल आणि एम दाबलं की त्या क्षणी लेबल पडतं. लेबलात फक्त स्लाइडचा क्रमांक लिहिला. फोटो वाक्याच्या सुरुवातीच्या किंचित आधी बदलला तर डोळ्याला बरा वाटतो, म्हणून खुणा दोन वाक्यांमधल्या श्वासावर ओढून बसवल्या. मग लेबलं मजकुराच्या फाइलमध्ये काढली. त्यात प्रत्येक ओळीवर सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि लेबल, टॅबनं वेगळे केलेले असतात. ही फाइल एक्सेलमध्ये जशीच्या तशी उघडते.

*एक्सेलमध्ये कालावधी काढले.* पुढच्या लेबलची वेळ वजा या लेबलची वेळ म्हणजे या फोटोचा कालावधी. इथे एक बारीक खोच आहे. व्हिडिओ सेकंदाला २५ चौकटींचा (फ्रेमचा), म्हणजे एक चौकट ०.०४ सेकंदाची. प्रत्येक कालावधी वेगळा ०.०४ च्या पटीत आणला तर दर फोटोमागे ०.०२ सेकंदापर्यंत फरक पडू शकतो, आणि तो साचतो. म्हणून आधी सुरुवातीच्या वेळा ०.०४ च्या पटीत आणल्या आणि मग वजाबाकी केली. असं केलं की चूक कधीच अर्ध्या चौकटीपुढे जात नाही.

त्याच पत्रकात तीन तपासण्या जोडल्या: २ सेकंदांपेक्षा कमी कालावधी आला तर खूण लाल, एकच क्रमांक दोनदा आला तर लाल, आणि मधला क्रमांक सुटला तर लाल. पहिल्याच फेरीत सुटलेले चार क्रमांक सापडले.

*मथळ्यांसह चित्रं.* फोटोखालच्या ओळी पॉवरपॉइंटमध्येच ठेवल्या. एफएफएमपेग थेट चित्रावर अक्षरं लिहू शकतो, पण त्याच्या जुन्या आवृत्त्या देवनागरी नीट जुळवत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडते, जोडाक्षरं सुटतात. पॉवरपॉइंटमध्ये ती अडचण नाही. अट एकच: मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या कार्यक्रमपत्रिकांतला मजकूर बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये होता, तो चिकटवताच अगम्य रोमन अक्षरं उमटली. तो सगळा पुन्हा टाइप करावा लागला.

पॉवरपॉइंटमधून सगळ्या स्लाइड एकदम पीएनजी चित्रं म्हणून काढता येतात, पण नेहमीच्या रुंद स्लाइडचं चित्र १२८० बाय ७२० पिक्सेलचंच मिळतं. ते ९६ डीपीआयच्या हिशेबानं बनतं. म्हणून स्लाइडचा आकारच २० बाय ११.२५ इंच ठेवला. २० गुणिले ९६ म्हणजे १९२०, आणि ११.२५ गुणिले ९६ म्हणजे १०८०. चित्रं थेट फुल एचडी निघाली. बाहेर पडलेल्या फाइलींच्या क्रमांकांत पुढे शून्य नसतात, त्यामुळे अक्षरांप्रमाणे लावणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १ नंतर १०, मग १००, मग १०१ असा क्रम लागतो. इथे यादी एक्सेलमधून क्रमांकावर बनत असल्यानं हा घोळ झाला नाही.

*यादीतून व्हिडिओ.* एक्सेलच्या एका रकान्यात सूत्रानं फाइलचं नाव आणि तिचा कालावधी अशा ओळी तयार केल्या आणि त्या साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवल्या. एफएफएमपेग ती यादी वाचून मूक व्हिडिओ बनवतो. दोन ठिकाणी तो अडला. यादी नोटपॅडमध्ये ‘बीओएमसह यूटीएफ-८’ अशी, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालून, जपली गेली होती, त्यामुळे पहिलीच ओळ त्याला कळेना. बीओएमशिवाय जपल्यावर चाललं. दुसरं, यादीतल्या शेवटच्या फोटोचा कालावधी तो धरत नाही, म्हणून शेवटचा फोटो यादीत आणखी एकदा लिहावा लागतो.

या पद्धतीत विरघळणारी संक्रमणं नाहीत, फोटो थेट बदलतो. त्यावर मंडळात थोडी नाराजी होती. पण श्वासावर बसलेला थेट बदल नजरेला खटकत नाही, आणि दर सहा सेकंदांनी विरघळणारे जुने, कमी उजेडाचे फोटो धुरकट दिसतात. हा निर्णय योग्यच होता. प्रकरणांच्या सांध्यावर मात्र शॉटकटमध्ये चित्र काळोखात जाऊन परत येतं, तेवढी विश्रांती पुरते.

*संगीत.* पहिल्या मसुद्यात पार्श्वभूमीला चित्रपटगीतं होती. स्लाइड शो नंतर यूट्यूबवर ठेवायचा होता आणि तिथली स्वयंचलित ओळख अशी गाणी लगेच पकडते. म्हणून संगीत शिक्षकांनी पेटी वाजवली, नववीच्या एका विद्यार्थ्यानं तबला, आणि शाळेचं गीत मुलांनी गायलं. ऑडॅसिटीतलं ऑटो डक हे साधन निवेदन सुरू झालं की संगीत आपोआप खाली नेतं. त्यासाठी निवेदनाचा ट्रॅक संगीताच्या लगेच खाली ठेवावा लागतो. मूळची १२ डेसिबलची घट हेडफोनवर पुरेशी वाटली, पण मैदानावरच्या भोंग्यांतून पेटी शब्दांवर चढते हे संगीत शिक्षकांच्या अनुभवातलं होतं, म्हणून ती १८ डेसिबल केली. निवेदनाच्या सगळ्या फाइलींची पातळी उणे १६ एलयूएफएसवर (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणली, नाहीतर दुपारी मुद्रित केलेली प्रकरणं सकाळच्यांपेक्षा हळू वाटत होती.

काटछाट होऊन शेवटी १४८ फोटो आणि १४ मिनिटं २० सेकंद राहिली.

रंगीत तालमीत आवाज गेला

कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मंडपात लॅपटॉप साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडला. पडद्यावर चित्र उत्तम. भोंग्यांतून पातळ, दूरवरची पेटी ऐकू येत होती आणि सरांचा आवाज जवळजवळ नाहीच. लॅपटॉपला हेडफोन लावला की सगळं व्यवस्थित.

साउंडवाल्याचा संशय फाइलवर, मंडळाचा संशय साउंडवाल्यावर. अर्धा तास ट्रेबल-बेस फिरवण्यात गेला. दोष दोघांच्या मधल्या वायरमध्ये होता.

लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर टोकाला डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा आणि मागे अर्थिंग (ग्राउंड) असतं. ती पिन साध्या जोडणीनं मोठ्या स्टीरिओ जॅकमध्ये बदलून मिक्सरच्या एकाच चॅनेलच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली होती. तसं इनपुट टोक आणि कडं यांच्यातला फरक तेवढा घेतं. माइकच्या लांब वायरीत शिरलेली गुणगुण दोन्ही तारांत सारखी असते, ती अशा वजाबाकीनं जाते, त्यासाठीच ते बनवलेलं असतं. पण इथे निवेदन एकाच माइकवर मुद्रित झालेलं, डावीकडे आणि उजवीकडे तंतोतंत सारखं. डावं वजा उजवं म्हणजे शून्य. पेटी मोबाइलनं स्टीरिओत मुद्रित झाल्यानं दोन बाजूंत थोडा फरक होता, तेवढीच काय ती उरली.

अशा वेळी हात साहजिकच विंडोजमधल्या ‘मोनो ऑडिओ’ या बटणाकडे जातो. ते दाबलं असतं तर दोन्ही बाजू पूर्ण सारख्या होऊन पेटीही गेली असती. उपाय नेमका उलटा आहे. ध्वनीच्या सेटिंगमध्ये बॅलन्स उघडून उजवी बाजू शून्यावर आणली. डावं वजा शून्य म्हणजे डावं. सरांचा आवाज भोंग्यांतून खणखणीत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारातून ३.५ मिलिमीटरच्या स्टीरिओ पिनेतून दोन वेगळ्या मोनो पिना निघणारी वायर आणली. त्या मिक्सरच्या दोन चॅनेलांत घातल्या आणि बॅलन्स पूर्ववत केला. बारीक गुणगुण राहिली होती, ती लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यावर गेली.

निष्पत्ती

स्लाइड शो संध्याकाळी अडथळ्याविना झाला. निवेदन आणि फोटो शेवटपर्यंत जुळलेले राहिले. आदल्या आठवड्यात नावांच्या आणि सालांच्या ११ दुरुस्त्या आल्या होत्या. त्यासाठी फक्त त्या स्लाइड पुन्हा काढल्या आणि संबंधित प्रकरणं पुन्हा बनवली. आवाजाला हात लावावा लागला नाही.

एक गोष्ट अपेक्षेइतकी जमली नाही. मागच्या रांगांतल्या लोकांना मथळे वाचता आले नाहीत. शाळेचा प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८चा, म्हणजे ४:३ प्रमाणाचा. त्यावर १६:९चा व्हिडिओ फक्त १०२४ बाय ५७६ इतक्या पट्टीत बसतो, वर-खाली काळं राहतं. ४ बाय ६चा आडवा फोटो त्या पट्टीत ८६४ बाय ५७६चा दिसतो. व्हिडिओ ४:३चा असता तर तोच फोटो १०२४ बाय ६८३चा, क्षेत्रफळानं सुमारे ४० टक्के मोठा दिसला असता.

वेगळं काय करता आलं असतं

पडद्याचं प्रमाण पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. मध्येच स्लाइडचा आकार बदलला की १४८ मथळ्यांची जागा हातानं लावावी लागते, म्हणून चौथ्या आठवड्यात लक्षात येऊनही तो बदल करता आला नाही. यूट्यूबसाठी १६:९ हवं, म्हणून मुळात ते प्रमाण घेतलं होतं. पण दोन्हींत निवड करायची तर मंडपात बसलेल्या माणसांचा विचार आधी व्हायला हवा होता. यूट्यूबवर ४:३चा व्हिडिओही चालतो, बाजूला काळ्या पट्ट्या येतात इतकंच.

समूहचित्रांखाली ‘बसलेले, डावीकडून’ आणि ‘उभे, डावीकडून’ अशी तीस-तीस नावं द्यायचा हट्ट तीन आठवडे चालला. १२ सेकंदांत तीस नावं कुणी वाचू शकत नाही. शेवटी ती स्मरणिकेत गेली आणि पडद्यावर फक्त तुकडी आणि साल राहिलं. हा निर्णय आधी झाला असता तर सरांनी नावांवर घालवलेला वेळ वाचला असता.

वायरीची चाचणी तालमीच्या रात्रीवर सोडायला नको होती. साउंडवाल्याकडे आठवडाभर आधी जाऊन त्याच्याच मिक्सरवर, त्याच्याच वायरीनं दोन मिनिटांची फाइल वाजवणं पुरेसं होतं. चाचणीच्या फाइलमध्ये आधी फक्त डावा आवाज, मग फक्त उजवा, मग दोन्ही सारखे असे तीन तुकडे ठेवावेत. पहिले दोन ऐकू आले आणि तिसरा गायब झाला तर दोष जोडणीत आहे, फाइलमध्ये नाही.

सुटीनंतर एका माजी विद्यार्थ्याच्या घरच्या पेटीत पहिल्या तुकडीचा फोटो सापडला. तो घालण्यासाठी पहिल्या प्रकरणात एक लेबल वाढवलं, पॉवरपॉइंटच्या शेवटी १४९ क्रमांकाची स्लाइड जोडली आणि तेवढंच प्रकरण पुन्हा बनवलं. मूळ फाइलींचं फोल्डर पेन ड्राइव्हवर आणि शाळेच्या कार्यालयातल्या संगणकावर, असं दोन ठिकाणी ठेवलं आहे. त्यात स्कॅन, निवेदनाचं न कापलेलं मुद्रण, लेबलांच्या फाइली, एक्सेलचं पत्रक आणि कोणती फाइल कशासाठी हे सांगणारं एक पान आहे.